पावशेरचे नऊ पेले

४ मार्च

ताई,

चार वर्षांत तुला सहा पत्रं लिहिली आणि सहाही फाडली. हे सातवं. आज शाळेतून येताना पाकीट आणि तिकीट आधीच घेऊन आले, म्हणजे घरी पोचल्यावर पळवाट नको.

तू कशी आहेस? दवाखान्यात अजून तेवढीच गर्दी असते का? तुला दिवसभर आजारी मुलं भेटतात, मला धडधाकट. आणि धडधाकट मुलं माणसाचा जास्त जीव खातात, हे तुला पटणार नाही.

यंदा माझ्याकडे बावीस मुलं आहेत, सगळी साडेचार-पाच वर्षांची. सध्या मोजमाप चालू आहे. पट्टी-बिट्टी काही नाही, पट्टी हातात दिली की तिची तलवार होते. आधी हात, पाऊल, दोरी, पेला, वीट. परवा टेबल वितींनी मोजलं. मुलांच्या वितीनं ते नऊ भरलं आणि माझ्या वितीनं सहा. मी विचारलं, "असं कसं?" एकजण म्हणाला, "बाई, तुमचं टेबल लहान आहे." मोठ्या बाई (म्हणजे आमच्या मुख्याध्यापिका) दारात उभ्या होत्या, त्यासुद्धा पोट धरून हसल्या.

सुताराकडून एक लांब फळी करून घेतलीय, मधे टेकू. एका टोकाला मूल बसतं, दुसऱ्या टोकाला आम्ही विटा रचतो, फळी सरळ होईपर्यंत. दर शनिवारी हा खेळ. कोण किती विटांचं, हे मुलांना आता पाठ आहे. वर्गात एक पावशेर आहे. खरं नाव वेगळं, पण जन्मली तेव्हा इवलीशी होती म्हणून बाप तिला पावशेर म्हणतो, आणि आता सगळेच म्हणतात. पावशेर सहा विटांची. बाप ट्रकवर असतो, महिन्यातून दोनदा घरी येतो. आई शिवणकाम करते, शाळेच्या मागच्या गल्लीतच. फ्रॉक असे शिवते पोरीचे, की बघत राहावं.

या पावशेरचीच गंमत सांगायची होती. आम्ही भिंतीवर तक्ता लावलाय, कोण दिवसात किती पेले पाणी पितं त्याचा. एक पेला प्यायला की आपल्या चित्रापुढे एक टिकली चिकटवायची. बाकीच्यांच्या तीन, फार तर चार. पावशेरच्या नऊ! तिच्या रांगेला कागद जोडावा लागला. आणि त्यामुळे ती नऊपर्यंत न चुकता मोजायला शिकली, सगळ्यांच्या आधी. पाण्याच्या टबात आम्ही माप शिकतो, तर तिथलंही पाणी पेल्यानं पिऊन टाकते. परवा रागावले, "अगं, हे मोजायचं पाणी आहे, प्यायचं नाही." तर म्हणाली, "मी मोजूनच पितेय." सहज विचारते, एवढं पाणी पिणं ठीक असतं ना? उन्हाचे दिवस आहेत म्हणा.

आता जे लिहायचं होतं ते.

आई हॉस्पिटलमधून घरी चल म्हणून रडत होती, म्हणून मी तिला आणलं. तू फोनवर आणू नकोस म्हणाली होतीस, पायाची जखम चिघळलीय, साखर हाताबाहेर गेलीय म्हणून. तिसऱ्या दिवशी ती गेली. तू आलीस ती दारातूनच विचारलंस, "तीन दिवसांत एकदा तरी साखर तपासलीस का?" आणि मी म्हणाले, "तू आलीस कुठे बघायला?" त्यानंतर आपण बोललो नाही.

नव्हती तपासली. आई सुई नको म्हणायची, आणि मला तिचा हात धरवत नव्हता. हे मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही.

तू मला माफ करू शकशील का, एवढंच कळव. घरी फोन नाही. शाळेच्या कचेरीत आहे, नंबर मागच्या बाजूला लिहिलाय.

तुझी धाकटी


११ मार्च

ताई,

काल तुझा फोन आला तेव्हा मी मुलांना घेऊन मैदानावर होते. आमचे कारकून भाऊसाहेब एका कानानं बहिरे आहेत आणि दुसऱ्या कानानं ऐकत नाहीत. त्यांनी चिठ्ठी लिहून ठेवली होती. 'बहिणीचा फोन. साखर तपासली का. लगेच फोन करा.'

वाचून तोंडात मारल्यासारखं झालं.

चार वर्षांनी मी सगळं कबूल केलं. नाही तपासली, असं स्वतःच्या हातानं लिहून दिलं. आणि तुझा पहिला प्रश्न पुन्हा तोच? आणि तोही भाऊसाहेबांच्या हातून? ते मला विचारत होते, "बाई, तुम्हाला साखरेचा त्रास आहे का?" मी नाही म्हटलं आणि मुतारीत जाऊन तोंड धुतलं.

मी फोन करणार नाही. तुला रागवायचं असेल तर लिहून रागाव, म्हणजे मला हवं तेव्हा वाचता येईल.

कागद उरलाय म्हणून लिहिते. पावशेरची आई आली होती. बिचारी हैराण झालीय, पोरगी पुन्हा अंथरूण ओलं करायला लागलीय. दोन वर्षं सुटलेली सवय. मी सगळे सांगतात तेच सांगितलं, संध्याकाळनंतर पाणी बंद करा. वर्गातही दोनदा झालं. आमच्या मावशी फरशी पुसता पुसता कुरकुरतात, "हिच्या जागी मुंग्याच लागतात बाई, पोरगी आहे की गुळाची ढेप!"

शनिवारी फळीवर ती पाच विटांत वर गेली. मुलं ओरडायला लागली, "बाई, पावशेर कमी झाली!" मी पुन्हा करून बघितलं, पुन्हा पाच. म्हटलं, विटा रात्री बाहेर राहिल्या होत्या, ओल्या होऊन जड झाल्या असतील. ओलं जड आणि कोरडं हलकं, असा एक नवा धडाच झाला त्यातून.

तिच्या पाण्याबद्दल मी तुला विचारलं होतं. त्याचं उत्तर तू दिलंच नाहीस.


१७ मार्च

ताई,

तुझं पत्र वाचलं.

पावशेर हॉस्पिटलमध्ये आहे. काल सकाळी शाळेत आली तीच मलूल. आईनं सोडताना सांगितलं होतं, पहाटे उलटी झाली, पण घरी राहायला तयार नाही. वाळूच्या कोपऱ्यात बसली होती, डबे भरत. मी दुसरीकडे बघत होते. एक मुलगी येऊन म्हणाली, "बाई, पावशेर झोपली." वाळूतच कलंडली होती. मी उचललं तर हाताला काही लागेचना, नुसता फ्रॉक उचलल्यासारखं वाटलं. श्वास असा चालू होता, जणू मैलभर धावून आलीय. तोंडाला पिकून गेलेल्या फळांसारखा वास. हाक मारली की डोळे उघडायची, पण मला बघत नव्हती.

मोठ्या बाईंनी रिक्षा बोलावली. मावशी तिच्या आईला आणायला पळाल्या. आई मशीनवरून उठली तशीच आली, बोटात अंगुस्तान, गळ्यात टेप.

तिथल्या डॉक्टरांनी बोट टोचलं, रक्ताचा थेंब यंत्रावर घेतला, आणि मग एकदम सगळे धावायला लागले. सलाईन, इन्सुलिन, नाकात नळी. तू हे रोज बघत असशील. डॉक्टर बाहेर येऊन विचारायला लागले, पाणी जास्त पितेय का? कधीपासून? लघवी? वजन? तिच्या आईला काही सुचत नव्हतं, ती नुसती "काल तर खेळत होती, काल तर खेळत होती" करत होती. मी शाळेत धावले आणि भिंतीवरचा तक्ता उपटून आणला. विटांची वहीपण. डॉक्टरांनी तो कागद कॉटवर पसरला आणि बोट फिरवत वाचला. तारीखवार सगळं होतं, ताई. पेले, विटा, तिच्या उंचीची दोरीसुद्धा. डॉक्टर म्हणाले, "इतकं नीट मोजलेलं मी पहिल्यांदा बघतोय."

मेंदूला सूज येण्याची भीती आहे म्हणतात. आज दुपारपर्यंत तरी जागी झालेली नाही. काचेतून बघू देतात. तिच्या चार टिकल्यांएवढ्या तळहाताला सुई लावून पट्टीनं बांधलीय.

तू देव मानत नाहीस, मीही नाही. मग आता काय करतात, ते तरी सांग.


२२ मार्च

ताई,

पावशेर गुरुवारी सकाळी जागी झाली. पहिल्यांदा पाणी मागितलं.

तू हॉस्पिटलच्या डॉक्टरांशी फोनवर बोललीस, ते त्यांनी सांगितलं. माझ्याबद्दल त्यांना काही विचारलं नाहीस आणि काही सांगितलंही नाहीस. ते कळल्यावर हे पत्र लिहायला बसले.

काल तिच्या आईनं माझे दोन्ही हात धरले. कॉरिडॉरमध्ये, सगळ्यांसमोर. म्हणाली, "बाई, तुम्ही मोजलंत म्हणून माझी पोर वाचली. मी आई असून मला कळलं नाही." बाप ट्रक अर्ध्या रस्त्यात सोडून आलाय. तो माझ्या पाया पडायला वाकला. मोठ्या बाई सगळ्यांना सांगत सुटल्यात की आमच्या बालवर्गाच्या तक्त्यानं जीव वाचवला. शाळेच्या फळ्यावर तसं लिहिलंयसुद्धा, रंगीत खडूनं.

आता ऐक. हे फाडायच्या आत पाकिटात घालणार आहे.

तुझं पत्र शुक्रवारी आलं, तेरा तारखेला. पाकिटावर तुझं अक्षर बघितलं आणि मी ते टेबलाच्या खणात टाकलं, खडूंच्या पेटीखाली. म्हटलं, आईबद्दल असणार. सोमवारपर्यंत आपण शांत होऊ, मग वाचू.

शनिवारी तुझा फोन आला. मी वर्गातच होते. पावशेर फळीवर बसलेली होती. चार विटा, ताई. चार विटांनी फळी सरळ झाली होती आणि एकही मूल ओरडलं नाही. ती सगळी माझ्याकडे बघत होती. भाऊसाहेब दारात आले, "बाई, बहीण आहे फोनवर, ओरडतायत, मला काही समजत नाहीये, तुम्ही या." मी म्हटलं, "सांगा, शिकवतायत. सुटल्यावर करतील." सुटल्यावर मी मागच्या दारानं घरी गेले.

पत्र सोमवारी संध्याकाळी उघडलं, हॉस्पिटलमधून वही परत ठेवायला शाळेत आले होते तेव्हा. चार ओळी. 'त्या मुलीची साखर आजच्या आज तपासून घे. लहान मुलांनाही होते. उद्यावर टाकू नकोस. तिचं पाणी अजिबात तोडू नका.' आईचा एक शब्द नाही. माफीचाही नाही. मी ज्यासाठी लिहिलं होतं ते तू वाचलंसच नाहीस, आणि जे मी पत्र भरायला लिहिलं होतं तेवढंच वाचलंस. तू डॉक्टर आहेस. मी ते विसरले, मला तू फक्त बहीणच वाटत होतीस.

साखरेचा आजार म्हातारपणी होतो, एवढंच मला माहीत होतं. हे खोटं नाही. पण विचारायला हवं होतं, आणि मी विचारलंही होतं. उत्तर ऐकायला तेवढी थांबले नाही.

अजून एक. डॉक्टरांनी मला विचारलं होतं, "हा तक्ता तुम्ही कुणाला दाखवला होता का?" मी म्हणाले, "बहिणीला पत्रानं विचारलं होतं." "मग?" मी म्हणाले, "उत्तर आलं नव्हतं."


९ एप्रिल

ताई,

तुझं पत्र परवा पोचलं. पोस्टमन पायरी उतरायच्या आत उघडलं.

तू लिहिलंस की फोनवर भाऊसाहेबांना तूच सगळं फोड करून सांगायला हवं होतंस. नको, ताई. ते वजन तू उचलू नकोस. आणि शेवटी लिहिलंस, 'मला सांगून काय उपयोग. तिच्या आईला सांग.'

काल गेले.

एक खोली, खिडकीपाशी मशीन. पावशेर आतल्या बाजूला जमिनीवर चिंध्या लावत बसली होती, लांबवरून आखूडपर्यंत. गाल थोडे भरलेत. तिच्या आईनं मला खुर्ची दिली आणि स्वतः स्टुलावर बसली. मी वाट न बघता सांगितलं. शुक्रवार, खण, शनिवार, फोन. सांगताना तिच्याकडे बघवत नव्हतं म्हणून मशीनच्या चाकाकडे बघत होते.

तिच्या हातात कुणाचातरी झंपर होता, त्याचा दोरा दातानं तोडला.

मग म्हणाली, "तुम्ही संध्याकाळचं पाणी बंद करा म्हणालात, तेव्हा मी माठावर परात पालथी घातली आणि परातीवर इस्त्री ठेवली. पोरगी उचलायला बघायची. मी ऐकायची आवाज."

मी म्हटलं, "मीच सांगितलं होतं."

"हो, तुम्हीच सांगितलं होतं."

मग ती उठली, कपाटातून पावशेरचा निळा फ्रॉक काढला आणि उलटा करून मला दाखवला. बगलेखाली तीन टिपा होत्या, एकीच्या आत एक. "पंधरा दिवसांत तीनदा आत घेतला. म्हटलं, माझंच माप चुकलं. वीस वर्षं लोकांची मापं घेतेय मी, बाई."

मला वाटलं, आता ती रडेल, किंवा मला हाकलून देईल. दोन्हीपैकी काहीतरी झालं असतं तर बरं झालं असतं. तिनं फ्रॉकची घडी घातली आणि विचारलं, "सोमवारपासून शाळेत पाठवा म्हणतायत डॉक्टर. दुपारच्या जेवणाआधी इंजेक्शन लागतं. कोण देणार?"

मी म्हटलं, "मी देईन. शिकून घेईन."

"हात बघू."

मी दोन्ही हात पुढे केले. खूप प्रयत्न केला, ताई. पण ते थरथरत होते, आणि आम्ही दोघी त्यांच्याकडे बघत राहिलो.

"कापतायत," ती म्हणाली. रागानं नाही, कापड आटलंय म्हणावं तसं. "नाही जमायचं. मीच येऊन बसेन."

मला वाटलं, बोलण्यातलं बोलणं. पण आज गुरुवारीच आली, पोरीला घेऊन, सवय व्हावी म्हणून. वर्गाबाहेर व्हरांड्यात बाक आहे, तिथे हातशिलाई घेऊन बसली. साडेआठ ते साडेबारा. पिशवीत डबा, बर्फाचा थर्मास, सुया. खिडकी उघडी असते, त्यामुळे माझा शब्द न् शब्द तिला ऐकू जातो. मी पाण्याच्या टबाकडे जायचं टाळते, हे मुलांच्या लक्षात आलंय. शेवटी त्यांनीच हट्ट केला, म्हणून टब भरला.

बाराला ती आत आली. पावशेर आपण होऊन तिच्यासमोर उभी राहिली आणि बाही वर केली. मुलं भोवती जमली. आईनं सुई उजेडाकडे धरून रेघ बघितली, पुन्हा बघितली, मग माझ्याकडे केली. "तीन आहे ना?" मी बघितलं. तीनच होतं. मान हलवली. आमच्यात आज झालेलं हे एवढंच बोलणं.

पावशेर सुईकडे न बघता माझ्याकडे बघत होती. टोचून झाल्यावर तिनं टबातला तिचा पेला उचलला, काठोकाठ भरला, आणि मला विचारलं, "बाई, हा भरला की आपण थांबतो ना?"

"हो."

"मग माझी इंजेक्शनं भरायला अजून किती राहिली?"

तिची आई सुई डबीत ठेवत होती, ती थांबली. बावीस मुलं माझ्याकडे बघत होती. वर्षभर मीच त्यांना शिकवलंय, किती म्हणून विचारा, बाईंना विचारा, मोजता येतं सगळं. तुझ्याकडे येणारी मुलं विचारत असतील हे. तू काय सांगतेस, मला माहीत नाही.

पावशेर वाट बघत उभी राहिली. मग तिला वाटलं असावं की बाईंना प्रश्नच कळला नाही. तिनं तो पुन्हा, जरा मोठ्यानं आणि सावकाश विचारला, आपण बहिऱ्या माणसाला विचारतो तसा.